टोपीखालचं रसायन

शहापूर
३ ऑक्टोबर २०२४, घटस्थापना

श्रीमती जनी पष्टे, रसायनशास्त्र विभाग, यांना किन्हवलीच्या शाळेतल्या मागच्या बाकावरून नमस्कार.

सोबत एक बाटली आहे. ती उघडण्याआधी पत्र वाच. तुझा स्वभाव मला सहावीपासून ठाऊक आहे: तू आधी बाटली उघडतेस, मग वास घेतेस आणि मग चिठ्ठी कुठे गेली म्हणून शोधत बसतेस.

बाटलीत भुंगेरे आहेत. काळे, पाठीवर नारिंगी पट्टे. माझ्या परसातल्या भेंडीच्या फुलांत बसून पाकळ्या खातात. माणूस जवळ गेला तरी उडत नाहीत. शाळा तपासायला आलेल्या साहेबांसारखे निवांत खातात आणि कुणाला घाबरत नाहीत.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. शिवाय बाटली फोनमधून जात नाही. ती मुरबाडच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली आहे.

काम असं. आमच्या शाळेत एक सहशिक्षक आहेत. नाव सांगत नाही, भले गृहस्थ आहेत. त्यांच्या डोक्यावरचे केस एकेक करून निवृत्त झाले. कानांच्या मागे तेवढे थोडे सेवेत आहेत. नाशिकच्या संस्कृत पाठशाळेत आमचे गुरुजी खालित्यावर, म्हणजे सरळ सांगायचं तर टकलावर, एक तेल सांगत. ज्या किड्याच्या पाठीवर संध्याकाळचे रंग असतील तो तिळाच्या तेलात उकळावा, ते तेल डोक्याला लावावं, रान उगवतं. मी हे तेव्हापासून पाठ ठेवलं आहे. किडा मात्र गुरुजींनी कधी दाखवला नाही, आणि दाखवा म्हणायची आमच्याकडे रीत नव्हती. पाठ झालं की समजलं, असं तिथे धरून चालत. परवा भेंडी तोडताना हे महाशय दिसले, आणि त्यांच्या पाठीवर साक्षात संध्याकाळ होती.

तर यांच्या अंगात असं कोणतं रसायन आहे, ते तू सांगावंस. जुने वैद्य किड्यांना उगाच त्रास देत नसत. जखमेच्या कडा जुळवायला त्यांनी मुंगळ्यांचे जबडे लावले. टाक्यांचा दोरा तेव्हा चावत असे, एवढाच फरक.

कुणालीकडून कळलं की सुयोगने तुला पुण्याला कायमचं बोलावलं आहे आणि तू मुदतीआधी निवृत्ती घेणार आहेस. कुणाली माझी मुलगी खरी, पण तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात लागल्यापासून ती बातमी पिकायच्या आधीच तोडते. म्हणून तुलाच विचारतो. खरं असेल तर भुंगेऱ्यांचं काम तू जाण्याआधी उरकायला हवं.

तुझा
जयराम विशे


मुरबाड
७ ऑक्टोबर

जयराम,

बाटली आधीच उघडली. वास घेतला नाही, कारण आत कोण बसलंय ते काचेतूनच कळलं. हातमोजे घातले आणि चिमट्याने बाहेर काढले. तू काय घातलं होतंस? काही नाही, माहीत आहे मला.

या किड्याला चिमटीत दाबलं की तो गुडघ्यांतून पिवळा थेंब सोडतो. त्या थेंबात कँथरिडिन असतं. दहा कार्बन, बारा हायड्रोजन, चार ऑक्सिजन. तुला पाठ करायला आवडतं म्हणून लिहिलं. कातडीला लागलं की लगेच काही होत नाही, आणि तीच त्याची लबाडी. काही तासांनी फोड येतात, पाण्याने भरलेले, चांगले टपोरे. पोटात गेलं तर मूत्रपिंडं जातात, माणूसही जातो. म्हणून ही बाटली आता माझ्या कपाटात कुलपात आहे आणि तुला परत मिळणार नाही.

औषध म्हणून वापरतात का? वापरतात. चामखीळ घालवायला कातडीचे डॉक्टर अगदी मोजून लावतात. शे-दीडशे वर्षांपूर्वी विलायतेतही केसांच्या तेलात याचा अंश घालत. कातडी चुरचुरली, लाल झाली की लोकांना वाटे, आतून काहीतरी उगवतंय. उगवत काही नसे.

आता नीट वाच. हे पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. उकळल्याने मरत नाही. म्हणजे तुझ्या गुरुजींची कृती ही विष काढून डोक्यावर पसरवायची उत्तम कृती आहे. त्या भल्या गृहस्थांना सांग, तेल बनवलं असेल तर खड्डा करून पुरा. बोटही बुडवू नका.

त्यांना असंही सांग की टक्कल वाईट दिसत नाही. ऑगस्टमध्ये आपला वर्ग किन्हवलीला जमला तेव्हा तू पहिल्या ओळीत बसला होतास आणि वरचा पंखा तुझ्या डोक्यात फिरत होता. मी तसं बोलले आणि सगळे हसले, तूही हसलास. त्या दिवसाइतकी मी हल्ली हसले नव्हते.

पुण्याचं खरं आहे. माझे हे गेल्यापासून सुयोग मागे लागलाय. त्याने आणि भाविकाने माझ्यासाठी वेगळी खोली केली आहे. फोनवर म्हणतो, "आई, मुरबाडला अजून रेल्वेपण नाय आली. तू थांबलीस कोणासाठी?" म्हटलं, म्हसा गावची जत्रा होऊ दे, मग अर्ज देते. पौषी पौर्णिमा तेरा जानेवारीला आहे. तोवर तुझे किडे बघायला मी मोकळी आहे.

जनी

ता. क. पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकते. तुझ्या घराच्या पेटीत चिमण्यांनी घरटं केलंय, असं कुणाली म्हणाली.


शहापूर
१७ ऑक्टोबर

जनी,

तुझं पत्र उत्तम, सविस्तर आणि सशास्त्र आहे. त्यात दोष एकच: ते दसऱ्याच्या सुट्टीत शाळेच्या पेटीत पडून राहिलं. शिपाई जीवन गावी गेला होता आणि पेटीची किल्ली त्याच्या करदोट्याला असते. चिमण्यांची पेटी परवडली असती.

दरम्यान आमच्या सहशिक्षकांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर तेल लावलं. हात राखून लावायचा त्यांचा स्वभाव नाही. कपाळापासून शेंडीच्या जागेपर्यंत, अभिषेक करावा तसं. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही, तेव्हा त्यांना वाटलं, औषध सौम्य आहे. सकाळी उठले तर डोक्यावर द्राक्षांचा मळा. नाशिकला असताना मी ओझरकडे असे मळे पाहिले होते, इतके भरघोस नव्हते.

ते धीराचे आहेत. तरी उशीवर डोकं टेकवता येत नाही, खुर्चीत बसून झोपतात. यावर उपाय कोणता ते उलट टपाली कळव. त्यांना विचारायला संकोच वाटतो.

मी स्वतः हल्ली पांढरी टोपी घालतो. त्यांच्याबद्दलच्या सहानुभूतीने. निवडणुकीचे दिवस असल्याने लोकांचा वेगळा समज झाला आहे. काल बाजारात धर्मा किराणावाला म्हणाला, "गुरुजी, तुमी पन? आनि कोनाकडून, ता तरी सांगा." मी म्हटलं, अपक्ष. त्याला ते खरं वाटलं.

तुझ्या पत्रानंतर मी गुरुजींचं बोलणं पुन्हा आठवून पाहिलं. ते पावसाळ्यातल्या जमिनीवरच्या एखाद्या मऊ, तांबड्या किड्याबद्दल बोलत असावेत. भेंडीचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. इतकी वर्षं मी एकही अक्षर विसरलो नाही आणि एकदाही जमिनीकडे पाहिलं नाही. सहशिक्षकांची मी क्षमा मागितली. त्यांनी ती दिली. मोठ्या मनाचे आहेत.

तेल पुरलं. उरलेले भुंगेरे पुन्हा भेंडीवर आहेत. त्यांचा यात काही अपराध नाही.

पुण्यातली ती खोली कुठल्या दिशेला आहे?

जयराम


मुरबाड
२१ ऑक्टोबर

जयराम,

ऑक्टोबरच्या उन्हात सहानुभूतीने टोपी घालणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. कुणालीला विचारलं, "तुझे बाबा कसे दिसतायत?" ती म्हणाली, "बाबा घरात पन टोपी काढत नाय मावशी, आंघोळीला जाताना दार लावून घेतात." तेव्हा सहशिक्षकांचं नाव मला कळलं. भला गृहस्थ.

उपाय: फोड फोडायचे नाहीत. फुटलेले असतील ते साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवायचे. डोळ्यांना हात लावायचा नाही. आणि सरकारी दवाखान्यात जायचं, उद्या नव्हे, आजच. किडा कोणता, तेल किती, सगळं खरं सांगायचं. तिथे सहशिक्षकाची गोष्ट चालणार नाही, कारण डोकं तुझंच तपासणार. लघवीला जळजळ होत असेल तर एक मिनिट थांबू नकोस. हे मी चेष्टेत लिहीत नाही, जयराम. परवापासून मला वर्गात फळ्यावर समीकरण पुरं करता आलेलं नाही. मुलं एकमेकांकडे बघतात.

आता रागाचं. मला एक कळत नाही. बावन्न वर्षं त्या डोक्याने तुझं कुठे काही अडलं नाही, मग अचानक केस कशाला हवेत? काल तेही कळलं. कुणाली म्हणाली, टोकावड्याचं स्थळ आलंय, बाई आश्रमशाळेत शिकवतात, दिसायला चांगल्या आहेत. मग बरोबर आहे. बघायला जायचं तर डोक्यावर काहीतरी हवं. कुणालीची आई गेल्यापासून तू एकटाच आहेस, कुणी आलं तर बरंच होईल. मला तसं लिहिलं असतंस तरी चाललं असतं.

या किड्यांचं लग्न कसं होतं ते सांगते, तुझ्या कामाला येईल. कँथरिडिन मोठी मादी बनवत नाही, नर बनवतो. जन्मभर साठवतो आणि मीलनाच्या वेळी मादीला देऊन टाकतो. ती ते अंड्यांना देते, मग अंड्यांना कुणी तोंड लावत नाही. म्हणजे आहेरात विष, आणि त्या विषावर पुढचं सगळं घर उभं. परदेशात आणखी एक लाल भुंगेरा आहे. त्याला हे रसायन बनवताच येत नाही. तो दुसऱ्या किड्यांकडून मिळवतो आणि कपाळावरच्या एका खाचेत ठेवतो. मादी जवळ येते, आधी त्याचं कपाळ तपासते. तिथे काही सापडलं तर थांबते, नाहीतर चालती होते.

टोकावड्याच्या बाईंनाही कपाळ तपासू दे. तुझ्याकडे सध्या भरपूर आहे.

मी अर्ज लिहून काढला. दिवाळीत पुण्याला जाऊन येणार आहे, खोली बघायला. दिशा पूर्व आहे.

जनी


शहापूर
५ नोव्हेंबर

जनी,

दवाखान्यात गेलो. तुझं पत्र वाचून पाणीसुद्धा न पिता गेलो. डॉक्टरीणबाई कुणालीच्या वयाच्या होत्या. सगळं खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, "काका, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, परंपरेने. त्यांनी केसपेपरवर तसंच लिहिलं. मूत्रपिंडं शाबूत आहेत. द्राक्षं सुकली, आता मळ्याच्या जागी नुसता नकाशा उरला आहे. कपाळावरचा डाग काही महिने राहील म्हणतात. तू मुलांना आता समीकरण पुरं करून द्यायला हरकत नाही.

टोकावड्याच्या स्थळाबद्दल अभिनंदन स्वीकारतो, पण ते स्थळ मला तुझ्या पत्रातूनच कळलं. टोकावड्याला मी शेवटचा गेलो तो कुणालीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला. आश्रमशाळेतल्या बाईंचं नाव विचारलं तेव्हा कुणाली म्हणाली, "अजून ठरवलं नाय." बाईंचं नाव ठरवलं नाही, असा तिचा अर्थ. मग हसायला लागली आणि स्वयंपाकघरात गेली. ही मुलगी मी वाढवली याचा मला त्या क्षणी थोडा अभिमान वाटला. का, ते मागाहून कळलं.

तर स्थळ नाही, बघायचा कार्यक्रम नाही, आणि केस कुणासाठी हा तुझा प्रश्न तसाच उभा आहे. त्याचं उत्तर मी लिहायला घेतलं. चार वेळा. चारही वेळा ते लग्नपत्रिकेवर छापावं तसं जड झालं. तू वाचलं असतंस तर हसून बाक हलवला असतास.

त्या परदेशी लाल भुंगेऱ्याबद्दल मात्र मला आपुलकी वाटली. अंगचं काही नाही म्हणून दुसऱ्या किड्याचं उसनं आणायचं, कपाळाला लावायचं आणि कुणीतरी तपासायला येईल म्हणून उभं राहायचं. आमच्या वर्गातला आहे.

त्याच्यापेक्षा माझी अडचण मोठी आहे. त्याने निदान बेताने लावलं असेल. मी सगळं विष एकदम डोक्यावर ओतून बसलो. आता आहेरात द्यायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

खोली कशी वाटली?

जयराम


शहापूर
१० डिसेंबर

जनी,

पत्राला उत्तर नाही. महिना उलटला. कुणालीला विचारलं तर ती म्हणते, "मावशी बऱ्या आहेत, आठवडाभर पुण्याला होत्या, आता कामावर आहेत, तुम्हीच विचारा ना." बातम्या फोडणारी मुलगी नेमकी आत्ताच गप्प झाली आहे.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते किड्याच्या आड उभं राहून लिहिलं. तू किडे चिमट्याने बाजूला काढतेस, मागे काय आहे ते तुला दिसलं असणार. तरी ते सरळ लिहायला हवं. आता पाठ केलेलं काही नाही, त्यामुळे वाक्यं वाकडी येतील.

केस तुझ्यासाठी हवे होते.

किन्हवलीला तू पंख्याचं बोललीस, सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना जीपमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो आणि समोरच्या आरशात माझं डोकं हलत होतं. मला वाटलं, हिला पुन्हा भेटायचं तर पंखा तरी दिसू नये. मग भेंडीवर ते भुंगेरे आले. एवढंच झालं.

माझ्या अंगचं म्हणावं असं काय आहे, याचा मी विचार केला. शब्दरूपं आहेत, ती तुला नको असतील. सकाळचा चहा मी करतो, तो चांगला होतो, कुणाली सांगेल. भांडण आलं तर मी लवकर गप्प होतो, हा गुण की दोष ते ठरलेलं नाही. शहापूर आणि मुरबाड दोन्हीकडे नोकऱ्या आहेत, पण मध्ये किन्हवली आहे. तिथे राहून दोघांनाही आपापल्या गाडीने जाता येतं. गाड्या वेळेवर नसतात, हे मान्य.

जाऊ नकोस असं म्हणायचा अधिकार मला नाही. सुयोग चांगला मुलगा आहे आणि पूर्वेची खोली कुणाच्या नशिबात असते. मला फक्त विचारायचं आहे. राहशील का?

नाही म्हटलंस तरी भुंगेऱ्यांबद्दलचा पत्रव्यवहार चालू ठेवावास. त्यांचं विष पुढच्या पावसाळ्यातही असेल.

जयराम


मुरबाड
३ जानेवारी २०२५

जयराम,

तुझी दोन्ही पत्रं पर्समध्ये आहेत. पहिल्याचं उत्तर दिलं नाही कारण मला राग आला होता. तुझा नाही, माझा. टोकावड्याच्या त्या नसलेल्या बाईवर मी पंधरा दिवस जळत होते. एम.एस्सी. झालेल्या बाईने पुरावा न बघता जळायचं म्हणजे काय. कुणालीला मी ऑफिसात जाऊन विचारलं. ती म्हणाली, "मावशी, बाबा विचारणार नाय आनि तुमी बोलनार नाय. मंग मी काय करू, सांगा." मी तिला बिस्किटाचा पुडा दिला आणि निघून आले.

दुसऱ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण ते मी रोज वाचत होते. उत्तर दिलं की ते जुनं होईल असं वाटे.

पुण्याची खोली खरंच चांगली आहे. भाविकाने पडदे माझ्या आवडीच्या रंगाचे लावलेत. सकाळी ऊन येतं. सुयोग ऑफिसला जाताना माझ्या पाया पडून जातो, मग दिवसभर मी पडद्याकडे बघते. तिसऱ्या दिवशी बाल्कनीतल्या कुंडीत एक भुंगेरा आला. साधाच होता, बिनविषारी. मला तुला दाखवावासा वाटला, आणि मग लक्षात आलं की दिवसभरात जे जे दिसतं ते सगळं मी तुला सांगायच्या बेताने बघते. पाणीपुरवठ्याची टाकीसुद्धा. किती दिवस असं चाललंय ते मला सांगता येणार नाही.

तरी मी लगेच हो म्हणणार नाही. पहिल्या लग्नात मी मुलगा न बघता हो म्हटलं होतं, तेव्हा तसंच होतं. या वेळी बघून घेणार. आम्ही नमुना पाहिल्याशिवाय मत देत नाही.

म्हशाला ये. तेरा तारखेला, सकाळी, बैलबाजाराच्या कडेला चिंच आहे तिथे. टोपी काढून उभा राहा. कपाळ तपासते. मग काय ते ठरवू. निकाल काहीही लागू शकतो, आशा धरून फार तेलपाणी करू नकोस. तेल तर मुळीच नको.

जनी


शहापूर
१५ जानेवारी २०२५

जनी,

परवाच्या तपासणीचा अहवाल मी माझ्या बाजूने लिहून ठेवतो, कारण तुझ्या बाजूने अजून काही आलेलं नाही.

मी चिंचेखाली वेळेआधी पोचलो. टोपी मात्र डोक्यावर ठेवली होती; इतक्या बैलांसमोर एकदम काढायचा धीर झाला नाही. तू आलीस, नमस्कार नाही, कसा आहेस नाही, सरळ हात वर करून टोपी काढलीस आणि पिशवीत टाकलीस. मग माझं डोकं दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे वळवलंस. शेजारी एक शेतकरी खोंडाचा जबडा उघडून दात मोजत होता. तो हातातलं काम सोडून आपल्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताय, दात पन बगून घ्या. मागून बोलू नका." त्याच्या खोंडानेही माझ्याकडे पाहिलं, बहुधा बंधुभावाने.

तू कपाळावरच्या डागावर अंगठा फिरवलास. मी विचारलं, दुखतं का बघतेस? तू म्हणालीस, "नाय. जातंय का बघते." तुझा अंगठा किती वेळ तिथे होता ते मी मोजलं नाही. शेतकऱ्याने मोजलं असेल.

नंतर आपण देवळात गेलो, भजी खाल्ली, पाळण्याखाली उभे राहून इतरांना ओरडताना पाहिलं. तू घोंगड्यांच्या दुकानांतून हिंडलीस. मी छोटी घे म्हटलं, प्रवासात न्यायला सोपी. तू ऐकलं नाहीस. ऐसपैस, जाडजूड, उचलायला दोन माणसं लागतील अशी घेतलीस आणि माझ्या खांद्यावर दिलीस. मी समजलो. पुण्यात थंडी असते, सुयोग आणि भाविकाला पुरेल. जीपपर्यंत ती वाहून आणताना मी एक शब्द बोललो नाही, तेवढं माझ्या बाजूने नोंदव.

जीप सुटताना तू हात हलवलास. निकाल सांगितला नाहीस.

तेव्हा माझे दोन अर्ज आहेत. एक, निकाल कळवावा. नापास असलो तरी चालेल, फेरपरीक्षा मागणार नाही. दोन, टोपी परत करावी. ती तुझ्या पिशवीतच राहिली आहे. सकाळी डोक्याला गार लागतं, आणि धर्मा किराणावाला विचारतो, "गुरुजी, पडलात की काय?"

जयराम


मुरबाड
१९ जानेवारी

जयराम,

टोपी परत मिळणार नाही. तपासलेला नमुना ठेवून घ्यायची आमच्या प्रयोगशाळेत पद्धत आहे, आणि नमुना अख्खा ठेवता येत नसेल तर निदान त्याचं वेष्टन.

कपाळावर काही सापडलं नाही. डाग फिका होतोय. उसनं होतं ते सगळं गेलं, आता तिथे फक्त तूच आहेस. परदेशातली ती मादी असती तर चालती झाली असती. मी थांबले, हे तुला चिंचेखाली कळायला हवं होतं.

काल रात्री जेवताना सुयोगला फोन केला. म्हटलं, मी येत नाय, अर्ज फाडला. तो म्हणाला, "ते पंखेवाले सर का?" मी म्हटलं, होय. पंख्याचं त्याला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं, आता टोपीचंही सांगितलं. मला वाटलं, दुखावेल. मग म्हणाला, "आई, थंडी आहे, त्यांची टोपी त्यांना देऊन टाक." मी म्हटलं, बघू. पुढच्या महिन्यात दोघं येतायत, तुला बघायला. टोपीशिवाय भेट.

किन्हवलीला खोली बघून ठेव. पूर्वेची नसली तरी चालेल. मागे भेंडी लावायला जागा हवी, आणि भुंगेरे आले तर हात लावायचा नाही, मला हाक मारायची.

आणि तुझी एक चूक दुरुस्त करते. भाविकाकडे तीन रजया आहेत, त्यांना घोंगडी कशाला लागते? ती मोठी बघून घेतली, तुझ्या खांद्यावर दिली, जीपपर्यंत तुझ्याकडूनच आणवली, तरी तुझ्या डोक्यात उजेड पडला नाही. ती घडी घालून माझ्या पलंगावर ठेवली आहे. एकटीला उचलत नाही.

जनी